‘मी बाद झाले का?’ : इंदूरचा एक खोखो संघ आणि एक आजारी मुलगी

प्रकरण थोडक्यात असं. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत शिकणारी, घर रामबागेत. जुलै २०२४ मध्ये तिला रक्ताचा कर्करोग निघाला. लहान मुलांत सर्वांत जास्त आढळतो तो प्रकार, डॉक्टर त्याला ‘ए.एल.एल.’ म्हणतात. मी इंदूरच्या एका महाविद्यालयात खेळ शिकवते, मुलींचा खोखो संघ माझ्याकडे आहे. त्या सप्टेंबरपासून आमचा संघ आणि ही मुलगी यांची गाठ पडली. पाच महिने फार चांगले गेले. मग जवळजवळ सात आठवडे असे गेले की त्यांचा दोष माझ्याकडे येतो. ते सात आठवडे दुसऱ्या कुठल्या संघाच्या आणि दुसऱ्या कुठल्या मुलाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

नावं कुणाचीच देत नाही. संघात सगळ्या तिला छोटी म्हणत, इथेही छोटीच म्हणते.

दोन वेळापत्रकं

या आजाराचे उपचार अडीच वर्षांच्या आसपास चालतात. पहिला महिना-सव्वा महिना औषधांचा जोर असतो, पुढचे सहा-आठ महिने टप्प्याटप्प्याने केमो, आणि त्यानंतर सुमारे दोन वर्षं रोज रात्री एक गोळी, आठवड्यातून एकदा दुसरी गोळी, मधूनमधून सुई आणि सारख्या रक्ताच्या तपासण्या. सुरुवातीच्या दिवसांत स्टेरॉइडमुळे छोटीचा चेहरा चंद्रासारखा गोल झाला होता आणि भूक अशी की रात्री दोनला उठून पोहे मागायची. बाहेरचं काही चालत नव्हतं, सकाळचं केलेलंही नाही, ताजंच हवं. तिचे बाबा दुकानातून दहाला घरी यायचे आणि दोनला उठून कांदा चिरायचे. आजी सांगते, त्या महिन्यात घरातला पोह्यांचा डबा चार वेळा भरला.

जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, न्यूट्रोफिल, पाचशेच्या खाली गेल्या की घराबाहेर पाऊल नाही, घरात पाहुणा नाही. शाळा सुटली. मैत्रिणी पहिले पंधरा दिवस फोन करत होत्या, मग त्यांचेही फोन कमी झाले.

आता महाविद्यालयाच्या संघाचं बघा. आमचा हंगाम पाऊस ओसरताना सुरू होतो. आंतरमहाविद्यालयीन सामने, मग विद्यापीठाची निवड, थंडीत आंतरविद्यापीठ. फेब्रुवारीनंतर मुली पुस्तकांत जातात. आणि तीन-चार वर्षांत मुली पास होऊन निघूनच जातात. आजाराची अडीच वर्षं आणि संघाचे सहा महिने, ही दोन वेळापत्रकं कुठेच जुळत नाहीत. हे मला पहिल्या दिवशी कागदावर मांडता आलं असतं. मांडलं नाही.

सुरुवात

कल्पना आमच्या कर्णधाराची. तिने फोनवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले होते. तिथे बोस्टनजवळ ‘टीम इम्पॅक्ट’ नावाची संस्था २०११ पासून गंभीर आजाराच्या मुलांची महाविद्यालयीन संघांशी गाठ घालून देते. मुलगा कागदावर सही करून रीतसर संघात येतो, जर्सी मिळते, सरावाला आणि सामन्याला तो खेळाडूंबरोबर बसतो. कर्णधार म्हणाली, “मॅडम, आपण का नाही?” छोटीची मावशी एके काळी माझ्याकडे खेळलेली, तिच्याकडूनच घरची हकीकत कळली होती. मी हो म्हटलं.

अमेरिकेत खेळाडू आणि घर यांच्यामध्ये एक संस्था उभी असते. तिची माणसं डॉक्टरांशी बोलतात, घरच्यांशी बोलतात, संघाला सांगतात काय करायचं, काय नाही. आमच्याकडे मध्ये कुणी नव्हतं. ती जागा माझी होती, आणि मी ती ओळखली नाही.

सहीचा समारंभ, पेपरात फोटो असं कुणीतरी सुचवलं. छोटीच्या बाबांनी हात जोडले. “फोटो नको मॅडम. गावाकडे अजून कुणाला सांगितलेलं नाही.” आजी हळूच म्हणाली, “पोरीची जात आहे हो, उद्या लग्नाच्या वेळी लोक काढतील.” मला आत कुठेतरी वाईट वाटलं, पण ते घर त्यांचं, भीती त्यांची. एकही फोटो बाहेर गेला नाही, आणि आज मला वाटतं ते फार बरं झालं. कुणी बघत नसल्यामुळे मुलींना काही दाखवायचं राहिलं नाही.

पहिल्या भेटीला चौघी गेल्या आणि मी. चपला जिन्यात, हात साबणाने कोपरापर्यंत, तोंडाला मास्क. मुलींनी रंगांची पेटी आणि टेडी नेला होता. छोटीने भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. वीस मिनिटं आम्ही तिच्या पाठीशी बोलत होतो. निघताना मी वाकले आणि माझ्या गळ्यातलं स्टॉपवॉच पलंगाच्या कडेला आपटलं. ती वळली.

“हे बंद कसं करतात?”

मी गळ्यातून काढून तिच्या हातात दिलं. केमोतल्या व्हिंक्रिस्टीन नावाच्या औषधाने बोटांतली ताकद जाते. तिच्याने एका अंगठ्याने बटण दाबलं जाईना. तिने घड्याळ दोन्ही तळव्यांत धरलं, दोन्ही अंगठे एकावर एक ठेवले, आणि जोर लावला. टक्. मग पुन्हा. टक्. “चार सेकंद,” म्हणाली. ते घड्याळ मी तिथेच ठेवून आले. टेडी अजून पिशवीतच आहे, असं तिची आई सांगते.

वही

खोखो न खेळलेल्यांसाठी एक सांगते. संरक्षण करणाऱ्या संघाच्या तीन-तीन खेळाडूंची तुकडी मैदानात येते, आणि प्रत्येक जण किती मिनिटं, किती सेकंद टिकला याची नोंद होते. नऊ मिनिटांच्या डावात कोण दीड मिनिट पळाली आणि कोण वीस सेकंदांत बाद झाली, हे आमच्या खेळात क्रिकेटमधल्या धावांइतकं महत्त्वाचं. सरावात ही नोंद नीट ठेवायला कधीच कुणी मोकळं नसतं.

कर्णधाराने सरावाचे व्हिडिओ छोटीच्या आईच्या फोनवर पाठवायला सुरुवात केली. छोटीने दोनशे पानी वही घेतली, रेघा मारल्या: तारीख, नाव, वेळ, कशी बाद. शेवटचा रकाना तिने स्वतःच्या मनाने जोडला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिने आमच्या पहिल्या तुकडीतल्या एका मुलीला फोनवर सांगितलं, “ताई, तू खांबाकडे जाताना दर वेळी मागं बघतेस. सातदा बाद झालीस, त्यात पाचदा तिथेच.” मी व्हिडिओ पुन्हा लावला. खरं होतं. मी त्या मुलीला दोन वर्षं शिकवत होते, आणि मला ते दिसलं नव्हतं. कारण साधं आहे. तोच व्हिडिओ दहा वेळा बघायला तिच्याइतका वेळ आमच्यापैकी कुणाकडे नव्हता, आणि कुणाला तेवढी गरजही नव्हती.

या कामाने काय केलं ते मी मोजू शकत नाही, आईने सांगितलं तेवढं लिहिते. सुई टोचायच्या दिवशी छोटी पूर्वी पहाटेपासून रडायची. आता दवाखान्यात वही घेऊन जायची आणि नर्सला म्हणायची, “दोन मिनिटं थांबा, तुकडी संपू दे.” मुलींनी तिला हसवलं, धीर दिला, हे सगळं झालंच. पण तिला लागलेली गोष्ट ही, की तिच्याशिवाय आमचं एक काम अडत होतं.

ऑक्टोबरमध्येच तिच्या प्लेटलेट उतरल्या आणि रक्तही चढवावं लागलं. चौदा मुली रक्तपेढीत गेल्या. रक्त द्यायला हिमोग्लोबिन साडेबारा लागतं आणि वजन किमान पंचेचाळीस किलो. चौदांपैकी पाच जणी या अटींत बसल्या. बाकीच्या नऊ जणी, रोज दोन तास पळणाऱ्या मुली, स्वतःच रक्ताने कमी निघाल्या. देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आलं आहे, ते मी वाचलं होतं. माझ्याच संघात तो आकडा बाकावर रांगेने बसलेला पाहिला तेव्हा कळला. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि छोटीच्या आजीने अळिवाच्या लाडवांचा डबा मैदानावर पाठवायला सुरुवात केली. दर शनिवारी. आजारी मुलीच्या घरून खेळाडूंना खाऊ. जानेवारीत चौदांपैकी नऊ जणी हिमोग्लोबिनच्या अटीत बसल्या.

त्याच जानेवारीत दिल्लीत पहिला खोखो विश्वचषक झाला. १९ जानेवारी २०२५ ला आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, मुलांनीही नेपाळलाच हरवलं. छोटीने टीव्हीसमोर बसून अंतिम सामन्याच्या वेळा घेतल्या. तिथे नऊऐवजी सात खेळाडू होते, त्यावर तिने कर्णधाराशी अर्धा तास वाद घातला. इतकं भरभरून बोलताना मी तिला त्याआधी ऐकलं नव्हतं.

कांजिण्या

फेब्रुवारीच्या एका रविवारी दोघी तिच्याकडे जाऊन आल्या. मंगळवारी सकाळी त्यांतल्या एकीचा फोन, रडत. “मॅडम, अंगावर फोड आलेत. कांजिण्या वाटतायत.”

धडधाकट मुलाला कांजिण्या म्हणजे आठ दिवसांची सुट्टी. केमो चालू असलेल्या मुलाला त्या फुप्फुसांत, मेंदूत उतरू शकतात. आणि फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. रविवार त्यातच येत होता.

मी लगेच छोटीच्या आईला कळवलं, ती तासाभरात डॉक्टरांकडे होती. त्यांनी प्रतिबंधक उपचार सुरू केले आणि पुढचे काही आठवडे लक्ष ठेवायला सांगितलं. आईला ते म्हणाले, वेळेत कळलं म्हणून हातात काही करण्यासारखं होतं. छोटीला कांजिण्या झाल्या नाहीत.

इथवर जे झालं ते टाळता आलं असतं. संघातल्या प्रत्येकीला सप्टेंबरमध्येच विचारायला हवं होतं: कांजिण्या होऊन गेल्या आहेत का, लस झाली आहे का, घरी लहान भावंडं आहेत का. मास्क आणि साबण माझ्या डोक्यात होते, हा प्रश्न नव्हता. पण या प्रकरणातली मोठी चूक पुढे आहे.

मी घाबरले. त्या मुलीला मी सगळ्यांसमोर बेजबाबदार म्हटलं. वास्तविक फोड दिसताच पहिला फोन तिने केला होता, तिच्या त्या एका फोनमुळे छोटी वाचली. आणि मी संघाला सांगितलं, “आता काही दिवस कुणी जायचं नाही.” जायचं नाही, एवढंच म्हटलं. मुलींनी त्याचा अर्थ संपर्कच नको असा घेतला. त्यांनाही भीती बसली होती, फोन केला तर काय बोलायचं, तिची आई रागावली असेल का. वर परीक्षा तोंडावर. सराव बंद, म्हणून व्हिडिओ बंद. मला वाटलं, फोन तर चालूच असतील. कर्णधाराला वाटलं, मॅडम बोलत असतील. तिकडे छोटीच्या आईला वाटलं, आपण मुलींना अडचणीत आणलं, आता कुठल्या तोंडाने फोन करायचा.

मार्चमध्ये रंगपंचमी आली. इंदूरची रंगपंचमी म्हणजे राजवाड्यावरची गेर, टँकरमधून रंगाचे फवारे, चौक माणसांनी फुललेला. आमच्या सात-आठ मुली गेल्या होत्या, मीही होते. कुणीतरी रंगात न्हालेला आमचा फोटो स्टेटसला लावला. छोटीने तो आईच्या फोनवर पाहिला.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मला फोन आला. आईचा नंबर, आवाज छोटीचा.

“मॅडम, एक विचारू? मी बाद झाले का?”

“असं कोण म्हणालं?”

“कुणी नाही. पण बाद झालेली बाहेर बसते ना. आणि माझ्यामुळे त्या ताईला बोलणी बसली.”

मला धड उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, सकाळी येते.

पाडव्याला सकाळी मी आणि कर्णधार वाड्याच्या चौकात उभ्या राहिलो, ती वर गॅलरीत. तिच्या आईने वही खाली आणून दिली. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे रोजची तारीख घातलेली होती. रोज रेघा मारलेल्या. नावं लिहिलेली, सगळ्यांची. वेळेचा रकाना रिकामा. सेहेचाळीस दिवस, सेहेचाळीस पानं. व्हिडिओ आला तर जागा तयार असावी म्हणून ती रोज पान आखून ठेवत होती. एका पानावर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘आज नाही.’

मग काय बदललं

आजाराच्या काळात भेटी थांबणारच. पेशी उतरतील, ताप येईल, कुणाला सर्दी असेल. भेट थांबली तरी मूल समजून घेतं, त्याला डॉक्टरांनी बरंच काही समजावलेलं असतं. खबर थांबली की मूल स्वतःच कारण शोधतं, आणि ते कारण बहुतेक वेळा स्वतःपाशीच सापडतं. मी भेट थांबवताना खबरही थांबू दिली. प्रकरणाचा गाभा मला हाच वाटतो.

त्याच आठवड्यात पहिली गोष्ट केली ती माफीची. कांजिण्या झालेल्या मुलीची, संघासमोर. कारण त्या दिवशी मी तिला जे बोलले त्यातून बाकीच्या सगळ्या जणी एकच धडा घेत होत्या: अंगावर फोड आले तर मॅडमना सांगू नका. यापेक्षा धोक्याची गोष्ट छोटीसाठी दुसरी नव्हती. आता नियम असा आहे की शिंक आली तरी छोटीच्या आईला थेट कळवायचं, आणि कळवणारीला कुणी एक शब्द बोलायचा नाही.

दुसरी गोष्ट मुलींनीच सुचवली, खेळातूनच. खोखोत पाठलाग करणारीला नुसतं थांबता येत नाही. बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून मोठ्याने ‘खो’ म्हणायचं, मग त्याने उठायचं आणि आपण त्याच्या जागी बसायचं. म्हणून ठरलं: रोज संध्याकाळी सातला एक फोन, वार वाटून दिलेले, दहा मिनिटं. परीक्षा असेल तर दोन मिनिटं, “उद्या पेपर आहे, पाठ होत नाहीये” एवढंही चालेल. जिला जमणार नाही तिने दुसरीला खो द्यायचा, आणि तो छोटीच्या कानावर पडला पाहिजे. “आज माझ्याऐवजी अमुक करेल.” न सांगता गायब व्हायचं नाही. सराव नसलेल्या दिवशी व्हिडिओऐवजी एकीने घराच्या अंगणात पळून दाखवायचं ठरलं, छोटीने वेळ घ्यायची. पाडव्यानंतर वहीत एकही रिकामं पान नाही.

तिचा सहा वर्षांचा भाऊ आहे. त्याला आम्ही सगळ्यांनी सप्टेंबरपासून दारात उभा ठेवला होता, हे मला एप्रिलमध्ये दिसलं. आता बुधवार त्याचा.

इतर संघांनी हे करावं का, असं दोन-तीन महाविद्यालयांतल्या सहकाऱ्यांनी विचारलं. मी त्यांना म्हटलं, आधी मार्च-एप्रिलचं पान उघडा. परीक्षेच्या महिन्यात रोज दहा मिनिटं कोण देणार, आणि आजच्या तिसऱ्या वर्षाच्या मुली गेल्यावर त्यांच्या जागी कोण, ही दोन उत्तरं लिहून झाल्याशिवाय त्या घराचा जिना चढू नका. आणि पहिल्या भेटीआधी घरच्यांच्या परवानगीने उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी एकदा बोला, लस आणि आजारपणाचे प्रश्न त्यांच्याकडूनच लिहून घ्या. भेटवस्तूंचं मग बघता येईल.

आज

छोटीचा गोळ्यांचा लांब टप्पा सुरू झाला आहे. केस आले आहेत, पूर्वीपेक्षा कुरळे. पेशी चांगल्या असतील त्या दिवशी मास्क लावून ती मैदानावर येते, गुणलेखकाच्या टेबलाशी बसते. बटण आता एकाच अंगठ्याने दाबते.

जूनमध्ये कर्णधार पास होऊन नोकरीसाठी पुण्याला गेली. जाण्याआधी तीन आठवडे ती नव्या, पहिल्या वर्षाच्या मुलीला बरोबर घेऊन फोन करत होती, शेवटच्या दिवशी तिने छोटीसमोर त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवून खो दिला. आम्हाला वाटलं, रीतीप्रमाणे झालं. छोटीने तो खो घेतला नाही. मंगळवारी सातला नव्या मुलीचा फोन आला की आई उचलायची, छोटी दुसऱ्या खोलीत जायची. अकरा मंगळवार असे गेले. नवी मुलगी दर वेळी आईशी बोलायची, सरावाच्या वेळा सांगायची, ठेवून द्यायची. एकदाही चुकली नाही, एकदाही छोटीला बोलवा म्हणाली नाही. मी तिला सोडून दे म्हटलं असतं तरी ती ऐकली नसती असं वाटतं.

गणपतीच्या आधीच्या मंगळवारी ती आईला सांगत होती, दुसऱ्या तुकडीत मी एक मिनिट बत्तीस टिकले. फोनमधून मागून आवाज आला, “एकतीस. व्हिडिओ बघितलाय मी.”

नवी मुलगी म्हणाली, “बरं, एकतीस लिही.”

त्यापुढे त्या दिवशी दोघी काही बोलल्या नाहीत. पुढचा फोन उद्या आहे.